पाडायच्या भिंती

अंबडला, वजनकाट्याच्या मागच्या शेडमध्ये
रोज सकाळी बारा भिंती उभ्या राहतात
आणि दुपारी मी त्या पाडते.
हेच माझं काम. दिवसाचे साडेचारशे,
चहा त्यांचा, भाकरी माझी.

पोरं येतात सुरगाण्याहून, येवल्याहून, मालेगावाहून,
छातीवर पुठ्ठ्याचा नंबर, खिशात पासपोर्ट
इतका कोरा की पानं अजून चिकटलेली.
दोन तासांत सहा थर, एक कोपरा,
सांधा करंगळीएवढा, जास्त नाही.
मसाल्यात सिमेंट नावालाच. शेठ म्हणतो,
"पाडायचीच आहे, घट्ट कशाला?"

मग तिकडचा साहेब येतो, घामानं लालबुंद.
ओळंबा सोडतो, एक डोळा मिटतो,
आणि भिंतीला नखानं टिचकी मारतो,
आपण माठ घेताना मारतो तशी.
दुभाष्या सांगतो : त्यांच्याकडे माणसं कमी पडलीत.
घरं अर्धी राहिलीत, क्रेन नुसत्या उभ्या,
बांधणारे म्हातारे झाले
आणि त्यांच्या पोरांना थापी धरता येत नाही.

मी विटा खरवडत ऐकते.
देशाचे हात असे संपतात का,
डब्यातलं पीठ संपल्यासारखे,
की मग शेजारी वाटी पाठवायची?

त्या वाटीचं माप मला ठाऊक आहे.
उत्तमनगरात माझ्या मोरीचा गिलावा
दिवाळीत पडला. शिमग्यापर्यंत गवंडी नाही.
काशिनाथ मिस्त्री? मस्कतला.
त्याचा भाचा? त्याची टेस्ट परवाच झाली,
भिंत मीच पाडली.
शेवटी कटिहारचा मुस्तकीम आला,
मिसरूडही नीट न फुटलेला.
दिवसभर मान वर केली नाही त्यानं.
"तुझ्या गावी कोण लिंपतं?"
मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं.
"औरतें," तो म्हणाला
आणि थापी धुऊ लागला.

विटा त्याच त्या.
एक तर मी ओळखते, कोपरा उडालेली,
भट्टीचा उलटा 'क' असलेली.
तीनशे भिंतींत बसली असेल ती.
घरात एकदाही नाही.

नंबर सात, केवळ गावित.
शनिवारची शेवटची बॅच.
चहाही घेतला नाही त्यानं.
फाटक्या पोत्यातून चार मुठी सिमेंट जास्त घेतलं,
मी पाहिलं, बोलले नाही.
साहेबानं टिचकी मारली. परत मारली.
वहीत काहीतरी लिहिलं.
बाकीचे बूट झटकत गेटकडे पळाले,
हा मागं राहिला, भिंतीवर डबडंभर पाणी मारलं,
जणू उद्या बिऱ्हाड घेऊन यायचंय.
शेठनं शटर ओढलं, पाडायचं राहून गेलं.

सोमवारी हातोडा घातला
तर उसळून माझ्याच कपाळाकडे आला.
शेठ ओरडत होता, पुढची बॅच रिक्षातून उतरत होती,
आणि मी घणापर्यंत गेले
एका सहा थरांच्या भिंतीसाठी.
वरचे चार निघाले. विटा फुटल्या,
सांधे नाही फुटले.

चैत्रात त्याचा व्हिडिओवाला फोन.
मागं बर्फ नाही, बाग नाही,
करडं आभाळ आणि एक निळा संडास.
"मावशी, इथं वीट दिसतच नाही फारशी.
पांढरे ठोकळे, आणि गोंदासारखं काहीतरी.
बारा जणांत सहा देश,
एकमेकांना हाक मारायला नंबरच बरे पडतात."
"तुझा कितवा?"
"इथं चार."
मग जरा थांबून, हसून,
"माझी भिंत पाडली ना?"
"लगेच," मी म्हणाले, "कशी मऊ भाकरीसारखी."

खालचे दोन थर अजून आहेत.
शेठ त्यावर हल्ली जुने पत्रे टेकवतो,
त्याला वाटतं तिथं पहिल्यापासून ओटाच होता.
दीड वाजता पत्रे सरकवून
मी तिथं बसते, फडकं सोडते.
जरासुद्धा हलत नाही.